कड्यावरची अँटेना

"...मग अजून किती उंच लावू, बाबा?"

कड्यावरच्या दर्ग्यात राहणारे सुलेमानबाबा अंगणातल्या बांबूवरची अँटेना आणि तिच्याखाली मांडलेला वायरलेसचा सेट बघत होते. भर दुपार होती. खाली समुद्र निपचित पडला होता, वाऱ्याचं नाव नव्हतं.

विचारणारा जयराम तांडेल. बंदरातल्या सगळ्या होड्यांचे वायरलेस तोच बसवायचा, आणि आपल्यासारखा जाणकार किनाऱ्यावर दुसरा नाही, हे तो स्वतःच सांगत फिरायचा. आज ती फुशारकी पार उतरली होती. धाकटा भाऊ हरी वादळात होडीसकट बेपत्ता झाला होता. उद्या दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असं गावकीनं ठरवलं होतं.

"हरी जिवंत आहे, बाबा. रोज दुपारी सेटवर बोलतो. मला ऐकू येतं, पण माझं त्याला पोचत नाही. बांबू वाढवला, जाड केबल घातली, कनेक्टरला नव्यानं डाख दिला... एकदा माझा आवाज त्याला मिळू दे, उद्याचा अग्नी मी थांबवतो."

बाबा उठले. सेटच्या पाठीमागचा कनेक्टर फिरवून त्यांनी केबल काढूनच टाकली.

"अहो, काय करताय!"

खरखर थांबली. सेट गप्प...

मग आवाज आला. आजवर कधी आला नव्हता इतका स्वच्छ, अगदी शेजारी बसून बोलावं तसा.

"दादूस, ऐकतोस ना? ओव्हर."

अँटेनाशिवाय सेटवर काहीच यायला नको, हे जयरामला पक्कं ठाऊक होतं. तरी त्यानं झडप घालून माईक उचलला. हरीनं ओव्हर म्हटलं होतं, म्हणजे तो आता उत्तरासाठी थांबलेला असणार. जयरामनं बोलायच्या बटणावर अंगठा ठेवला, आणि थबकला.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"अँटेना नसताना बटण दाबलं तर सेट जळतो, बाबा. बोलणं बाहेर पडत नाही, उलटून आतच येतं."

"मग जोड."

जयरामनं केबल जोडली. खरखर सुरू झाली, आवाज बुडाला. त्यानं केबल काढली...

"दादूस, ऐकतोस ना? ओव्हर."

जयरामला रडू फुटलं. त्याला भीती वाटत होती, आणि भावाला असं ताटकळत ठेवणंही सोसवत नव्हतं.

"असंच दाबलं, तर किती वेळ बोलता येईल?" बाबांनी हलकेच विचारलं.

"एकदाच. मग सेट गेला."

बाबांनी केबलची गुंडाळी करून बाजूला ठेवली.

"बोल मग... फक्त शेवटी ओव्हर म्हणू नकोस."