पायाला चिखल लागलेला युवराज

फार पूर्वीची गोष्ट. ते राज्य नेमके कुठे होते हे आता खात्रीने आठवत नाही. पण तिथे एक युवराज होता, आणि त्याला गादीची मनातून धास्ती वाटे, एवढे नक्की.

त्या राज्यात एक रीत होती. राज्याभिषेकाचे स्नान नदीपलीकडच्या देवळात व्हायचे. तिथून सिंहासनापर्यंत युवराजाचा पाय जमिनीला लागता कामा नये. लागला, तर गादी धाकट्या भावाची.

स्नान आटोपून पालखी नदीत उतरली. मध्यावर एका भोयाचा पाय घसरला आणि तो डोहाकडे वाहत निघाला.

"अरे, धरा त्याला," युवराज म्हणाला.

"कसं धरणार, सरकार? पालखी सोडली तर आमची मुंडकी जातील."

युवराजाने उडी घेतली. बुडत्याला ओढत त्याने काठ गाठला. काठावर उभ्या राजपुरोहितांनी त्याच्या पायांकडे पाहिले.

"युवराज, पायाला चिखल आहे."

"धुऊन टाकतो."

"चिखल धुता येईल. रीत कशी धुणार?"

धाकटा भाऊ राजा झाला. "दादा, लोक म्हणतात तू गादीला भ्यायलास," तो एकदा म्हणाला. युवराजाला भीती तर होतीच. मग आपण उतरलो ते भोयासाठी, की पळवाट सापडली म्हणून? हा प्रश्न त्याला जेवतानासुद्धा सोडत नसे.

शेवटी त्याने भावाकडे एकच मागणे मागितले: नदीवर त्याच जागी पूल बांधू द्यावा. तो स्वतः गवंड्यांबरोबर राबला. पूल झाला. पलीकडच्या गावांतल्या बाळंतिणी आणि बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या कोरड्या पायांनी ये-जा करू लागल्या.

पुष्कळ वर्षांनी तोच भोई नातीचे बोट धरून पुलावर भेटला. केस पिकलेल्या युवराजाने त्याला बाजूला घेतले.

"खरं सांग. मी तुझ्यासाठी उतरलो, की गादी टाळायला?"

भोई हसला. "तुमच्या मनातलं मला काय ठाऊक, सरकार? मी तर पाण्याखाली होतो. पण एक पक्कं सांगतो. माझी शेंडी धरायला दुसरा हात आला नव्हता."

तात्पर्य: आपले मन पुरते स्वच्छ होईपर्यंत चांगले काम अडवून धरू नये; बुडणाऱ्याला हात लागतो, त्यामागचे कारण नव्हे.