भिंतीआडची भूक

सह्याद्रीच्या उतारावरील एका दाट रानात एक तरुण वानर राहत असे. राहत असे म्हणायचे एवढेच, कारण त्याचा मुक्काम रोज वेगळ्या झाडावर पडे. मुलांनो, वानरांच्या कळपात अशी रीत आहे, की नर पोर जरा मोठे झाले, की कळपाचा प्रमुख दात विचकून त्याला हाकलून देतो. आई चार झाडे मागून येते आणि मग थांबते. या वानराचेही तसेच झाले. खरे तर त्यात कोणाचाच दोष नव्हता, पण त्याला तो अपमान वाटला. आणि रागावलेल्या पोराला सोबत फार लवकर मिळते.

अशाच हाकललेल्या पाच-सहा वानरांची त्या रानात एक टोळी होती. टोळीचा म्होरक्या अंगाने भरलेला, एका कानाने फाटका. तो कान बिबट्याशी लढताना फाटला, असे तो सांगे. करवंदाच्या जाळीत अडकून फाटला, असे खारी सांगत. ही टोळी खारींचे साठे उधळी, रानकोंबड्यांना पळवून त्यांचे दाणे विस्कटून टाकी. पोट भरलेले असतानाही त्यांचे हे चाले. समोरचा घाबरतो, एवढीच त्यातली मजा. नव्या वानराला म्होरक्याने पहिल्याच दिवशी सर्वांत पुढे ठेवले. "तू लहान आहेस," तो म्हणाला, "सापडलास तरी सगळे म्हणतील, पोर आहे, सोडून द्या." तरुण वानराला वाटले, आपल्याला मान मिळाला.

त्या रानात एका उंच बेहड्याच्या खोडाला ढोली होती. ढोलीचे तोंड चिखलासारख्या लिंपणाने बंद केलेले होते आणि मधे फक्त दोन बोटे जातील एवढी उभी फट होती. एक धनेश पक्षी दिवसभर तिथे ये-जा करी. घशातून एकेक उंबर वर काढी आणि त्या फटीत सारी. टोळीने ते पाहिले. म्होरक्या म्हणाला, की हा पक्षी कंजूष आहे, ढोलीत साठा करून ठेवतो, आणि साठा करणाऱ्याला लुटले तर पाप लागत नाही. मग रोज धनेश फटीपाशी टेकला, की तरुण वानर मागून झेप घेई, पक्षी दचके, फळे खाली पडत. टोळी त्यातली दोन-चार खाई आणि बाकीची एकमेकांना फेकून मारी. एके दिवशी मात्र धनेश दचकला नाही. त्याने पाय रोवले, चोच मिटून धरली आणि फटीसमोरून हलेना. म्होरक्याने तरुण वानराच्या हातात दगड दिला आणि म्हणाला, "बघतोस काय? फेक."

त्याने फेकला. पंखावर बसला. एवढा मोठा पक्षी, पण वाळल्या पानासारखा गिरक्या घेत खाली आला. टोळी पळाली, सर्वांच्या पुढे म्होरक्या. तरुण वानर मात्र फांदीवर तसाच बसून राहिला, कारण त्या फटीतून एक चोच बाहेर आली होती. ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आतून बारीक चिवचिव ऐकू येत होती. ढोलीत साठा नव्हता. ढोलीत कोणीतरी जेवणाची वाट पाहत होते.

तो पळाला नाही, म्हणून सापडला. रानातले प्राणी बेहड्याखाली जमले. वयाने सर्वांत मोठा रानगवा होता; तो बोलायला सांगे आणि बाकीचे बोलत. साळिंदराचे म्हणणे पडले, की याचे शेपूट तोडावे, म्हणजे जन्मभर ओळख राहील. भेकर म्हणाले, याला उघड्या कातळाच्या सड्यावर हाकला, बिबट्या काय ते बघून घेईल. एक म्हातारी वानरीण गयावया करू लागली, की पोर आहे, चुकले असेल, आजच्या दिवस सोडून द्या. दगड कोणी हातात दिला, हेही गव्याने विचारले. ज्याने दिला त्याचा दोष मोठा, असे सर्वांचेच मत पडले. पण म्होरक्या तोवर डोंगराची धार ओलांडून गेला होता.

गवा वानरिणीला म्हणाला, "पोर लहान आहे खरं. पण पंख मोडलाय, तोही खरंच मोडलाय." मग त्याने धनेशाला विचारले. करवंदाच्या जाळीत त्याला सुखरूप ठेवले होते. वेदनेने त्याचे डोळे मिटत होते. तो इतकेच म्हणाला, की तिला विचारा.

गव्याने मान वर करून हाक दिली. फटीतून धनेशाच्या मादीचा आवाज आला.

"शिक्षा काय ती तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "मी स्वतःला आत कोंडून घेतलंय, पिल्लांना साप-घोरपडीनं गाठू नये म्हणून. माझी पिसं गळाली आहेत, मला उडता येत नाही. आत दोन पिल्लं आहेत. ऊन कललं. आज आम्हांला कोण भरवणार, तेवढं आधी सांगा."

खारीला वर चढता येत होते, पण तिला एका वेळी एकच फळ नेता आले असते. पाखरांच्या घरट्यांत त्यांची स्वतःची पिल्ले होती. साळिंदर पायाने माती उकरू लागले. तेवढ्यात तरुण वानर खाली मान घालून म्हणाला, की मी आणतो. कोणी हसले, कोणी रागावले. गव्याने त्याच्याकडे रोखून पाहिले आणि वर विचारले, "बाई, तुमचा याच्यावर विश्वास आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "पण मला भूक आहे."

तेव्हा गव्याने निकाल दिला, की ही लिंपणाची भिंत फुटेपर्यंत या तिघांना भरवायचे काम या वानराचे. एक दिवस चुकला, तर शेपूट साळिंदराच्या स्वाधीन.

काम सोपे नव्हते. वानराला गालात पिशवी नसते. एका मुठीत मावतील तेवढी फळे धरायची आणि उरलेल्या तीन पायांनी चढायचे. पहिल्या संध्याकाळी त्याने नेलेली उंबरे तिने एकेक करून बाहेर टाकली. ती कच्ची होती. दुसऱ्या दिवशीच्या फळांत किडे निघाले. किडे पिल्लांना चालले, फळे वाया गेली. फटीत बोटे घातली, की ती घाईने फळ ओढून घेई आणि बोटावर चोच मारी. ती मुद्दाम मारते की चुकून लागते, हे त्याला कळत नसे आणि विचारायचा धीर होत नसे. तिसऱ्या दिवशी तो जाळीजवळून जात असताना धनेश त्याच्याकडे न पाहता बोलला. "देठाजवळ दाबून बघ. मऊ लागलं तर घे." त्यानंतर बाहेर पडणारी फळे कमी झाली. हळूहळू धनेश सकाळीच सांगू लागला, की आज ओढ्याकडचा उंबर बघ, काल तिकडे हरियल पाखरांचा गलका होता. याहून जास्त बोलणे मात्र दोघांत होत नसे.

दिवसाला दहा-बारा खेपा होत. संध्याकाळी तो फटीजवळच्या फांदीवर टेके तेव्हा आतली चिवचिव आदल्या दिवसाहून जरा मोठी वाटे. त्याला नकळत तिची सवय लागली. आपण काय फेकले होते, हे त्याला त्या आवाजात रोज ऐकू येई. मन खाई, पण पाय थांबत नसत.

एके दिवशी दुपारी तो पिकलेल्या उंबरांची मूठ घेऊन निघाला असता डोंगरापलीकडून परतलेला म्होरक्या समोर उभा राहिला. दोन पोरे त्याच्यामागे होती, त्यांतले एक तर आणखीच लहान. "काय रे, दाई झालास म्हणे," म्होरक्या म्हणाला. मागची पोरे हसली. मूठ सोड आणि पुन्हा आमच्यात ये, असे त्याने सांगितले. तरुण वानराने मूठ मिटून धरली आणि पाय रोवले. मग त्याला लाथ बसली, तो खालच्या फांदीवर आदळला, फळे रानात विखुरली. टोळीने त्यातली दोन-चार खाल्ली, बाकीची एकमेकांना फेकून मारली आणि निघून गेली. सर्वांत लहान पोर जाताना मागे वळून पाहत होते.

तरुण वानर लंगडत ओढ्यापर्यंत परत गेला. पुन्हा देठ दाबून पाहिले, पुन्हा फळे तोडली. बेहड्यावर पोहोचेपर्यंत सूर्य टेकला होता. मादीने फळे आत घेतली आणि विचारले, "आज उशीर का झाला?"

"वाटेत मला लुटलं," तो म्हणाला.

त्याला वाटले, आता ती म्हणेल, बरे झाले, तुलाही कळू दे. तसे ती म्हणाली असती तर त्याला सोपे गेले असते.

"लागलं का तुला?" तिने विचारले.

तो खोडाला कपाळ टेकून बसून राहिला. थोड्या वेळाने ती म्हणाली, की उद्या वरच्या वाटेने ये, तिकडे फांद्या दाट आहेत. त्या दिवसापासून तिची चोच त्याच्या बोटाला लागली नाही.

वीस-बावीस दिवसांनी एका सकाळी बेहड्यावर ठकठक सुरू झाली. लिंपणाचे तुकडे खाली पडू लागले. गवा आला, खारी आल्या, साळिंदर आले. पलीकडच्या आंब्यावर टोळीतले ते लहान पोर एकटेच येऊन बसले होते; त्याला कोणी हुसकले नाही. भिंत पुरती फुटली आणि नवी पिसे आलेली मादी ढोलीच्या तोंडाशी आली. तिच्यामागे दोन पिल्लांची डोकी दिसत होती. इतके दिवस तिने त्याची फक्त बोटे पाहिली होती. तिने त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत न्याहाळले.

"एवढासाच आहेस होय," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, केवढा तरी असशील."

गव्याने सर्वांसमोर सांगितले, की शिक्षा पुरी झाली, आता तू मोकळा आहेस, कुठेही जा. तरुण वानराने मान हलवली, पण तो जागचा हलला नाही. कुठे जायचे, हे त्याला माहीतच नव्हते. धनेशाचा पंख थोडा वाकडा जुळला होता. तो दोन-तीन फांद्यांच्या टप्प्यांनी धडपडत वर आला, मादीशेजारी बसला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने वानराकडे सरळ पाहिले.

"धाकट्याला अजून नीट उडता येत नाही," तो म्हणाला. "आणि मला लांब जाणं जमणार नाही. उद्या सकाळी येशील?"

दुसऱ्या दिवशी उजाडले तेव्हा तरुण वानर ओढ्याकडच्या उंबरावर होता. त्याच्या खालच्या फांदीवर टोळीतले ते लहान पोर बसले होते, आणि तो त्याला फळ देठाजवळ कसे दाबून बघायचे ते दाखवत होता.

तात्पर्य : चुकलेल्या पोराला हाकलून दिले, तर ते टोळीला मिळते; केलेले नुकसान त्याला स्वतःच्या हातांनी भरून काढू दिले, तर ते आपल्याला मिळते.