येताना थांबतो

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्यासह दक्षिणेच्या यात्रेला निघाले. एका व्यापारी भक्ताने त्यांना प्रवासासाठी घरासारखी मोटार दिली होती. आत दोन बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी, असा सगळा संसार. गाडी शिष्य चालवत असे. समुद्रकाठच्या अखेरच्या मुक्कामी आचार्य आपल्या पाठशाळेचा वारस सांगणार होते. तारुण्याची सगळी वर्षे त्या पाठशाळेला दिलेल्या शिष्याचा जीव तिथे अडकला होता, म्हणून त्याला कधी एकदा पोहोचतो असे झाले होते.

आचार्य मात्र दुपार झाली की म्हणत, "आज एवढंच." पुढे रस्ता मोकळा, गाडी ठणठणीत, तरी कुठल्याशा आडगावाबाहेर मुक्काम पडे. बरे, थकून पडावे, तर तेही नाही. आचार्य हातपाय धुऊन, स्वच्छ उपरणे घेऊन, काठी टेकत गावात जात. शिष्य सोबत निघाला की त्याला परत पाठवत. दिवेलागणीला प्रसन्न मुद्रेने येत आणि कुठे गेला होतात म्हणून विचारले, तर हसण्यावारी नेत. हेच आचार्य ऐन उमेदीत पहाटेपासून अंधार पडेपर्यंत गाडी हाकत, असे शिष्याने जुन्या माणसांकडून ऐकले होते. मग आताच हे काय? त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

एका मुक्कामी तो व्यापारी भेटला. शिष्याने त्याच्यापाशी मन मोकळे केले. व्यापाऱ्याने मान डोलावली आणि हलकेच म्हणाला की, मोठी माणसे वारस नेमण्यापूर्वी चार ठिकाणी चाचपणी करतातच. एवढे बोलून तो आपल्या वाटेने गेला. शिष्याची झोप मात्र उडाली. मन चिंती ते वैरी न चिंती. आता आचार्य गावातून तृप्त होऊन आले की त्याला वाटे, कुणीतरी पसंत पडलेला दिसतो.

अखेर एका दुपारी तो त्यांच्या मागोमाग गेला. आचार्य मोठी घरे मागे टाकून कुंभारआळीत शिरले आणि एका दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्याशेजारी ओट्यावर बसले. शिष्य भिंतीआड उभा राहिला.

"लई वर्षं लावलीत, म्हाराज," म्हातारा म्हणाला.

"चुकलंच माझं," आचार्य म्हणाले.

शिष्याला काही उमगेना. तेवढ्यात आचार्यांनी मान वळवली. आलाच आहेस तर बस, म्हणाले. त्यालाही ताकाचा पेला मिळाला.

परतताना शिष्याने सगळा संशय बोलून दाखवला. आचार्य वाटेतल्या दगडावर टेकले.

"तुझ्या वयात मी दिवसभर गाडी पळवायचो. पुढे पाठशाळेतली लहान लेकरं सोबत असायची. कुणाला तहान, कुणाला उलटी. सारखं थांबावं लागे आणि मी वैतागायचो. या गावांतली माणसं गाडीला आडवी येऊन म्हणत, घोटभर ताक घेऊन जा. मी सगळ्यांना सांगायचो, येताना थांबतो. आणि येताना जवळचा रस्ता धरायचो. ही माणसं दारात वाट पाहत बसली रे. आता मला या वाटेनं पुन्हा येणं नाही, म्हणून दुपारीच थांबतो. माफी मागायला एकट्यानंच जावं."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "पाठशाळा तुझीच. निघण्याआधीच पाठशाळेतल्या वडीलधाऱ्यांना सांगून आलोय. तुला आधी सांगितलं असतं, तर देहानं माझ्याबरोबर असतास आणि मनानं तिकडे पोहोचला असतास."

शिष्याला फार लाज वाटली. ज्याची एवढी आस धरली होती ते हाती आले, तरी त्याला आनंद होईना.

दुसऱ्या दिवशी आचार्यांना वाटेत कुणाकडेच जायचे नव्हते. पुढे चल, म्हणाले. पण एका फाट्यावर शिष्याने आपणहून गाडी वळवली. आत त्याच्या थोरल्या बहिणीचे गाव होते.

"तिला दर खेपेला सांगत आलोय," तो म्हणाला.

त्याने कडी वाजवली. बहिणीने दार उघडले. तिचे केस कधीच पांढरे झाले होते, ते त्याला आज दिसले.