तळ्याकाठचं हिरवं गवत

एका माळावर एक मेंढपाळ पाल ठोकून राहायचा. मेंढ्या चाळीस आणि संशय चारशे! तळ्याकाठचं हिरवंगार गवत दुसऱ्या कुणी चारू नये म्हणून तो पहाटेच, दव वाळायच्या आत, आपला कळप तिथे नेऊन उभा करायचा. बाकीचे मेंढपाळ उन्हं वर आल्यावर कोरड्या टेकडीवर जात.

"माझ्या धाकानं कुणी इकडं फिरकत न्हाई," असं तो बायकोला ऐटीत सांगे.

पण त्या वर्षी त्याच्या मेंढ्या खंगू लागल्या. कातरणीला एका घोंगडीपुरतीही लोकर निघेना. लेंडीखतासाठी कळप आपल्या रानात बसवून घेणारे, वर पायलीभर ज्वारी देणारे शेतकरीसुद्धा त्या मरतुकड्या मेंढ्या बघून तोंड फिरवू लागले. असंच चाललं तर कळप संपणार होता, आणि कळपावरच तर त्याचं पोट होतं.

आपल्याकडे चोरी होतेय याची मेंढपाळाला खात्रीच पटली.

"गुपचूप दूध कोण काढतं?" तो बायकोवर खेकसला.

"त्यांच्या कोकरांना पुरंना, मी काय काढू?" ती म्हणाली.

मग त्यानं शेजाऱ्यांवर पाळत ठेवली. झालंच तर कुत्र्यावरही ठेवली. बिचारं कुत्रं!

एके दिवशी टेकडीवरची म्हातारी धनगरीण आली. तिनं एका मेंढीची पापणी ओढून पाहिली. आत लालीचा मागमूस नव्हता.

"चोर हिच्या पोटात हाय बाबा. जंत झाल्यात. तळ्याकाठच्या वल्या गवतावरनं आत जात्यात, आन् रगत पित्यात. ही पळसाच्या बियांची पूड समद्यांना पाज. तळ्याकडं नेऊ नगंस."

मेंढपाळानं मान डोलावली. मनात मात्र म्हणाला, 'हिला माझं तळं पाहिजे! आणि ही पूड विषाची नसेल कशावरून?'

मेली तरी चालेल अशी एक लंगडी मेंढी होती. तिला तेवढं त्यानं औषध पाजलं, उरलेलं चुलीत टाकलं. लंगडीला चालवेना, म्हणून बायको तिला पालामागं बांधून कोरडा पाला घालू लागली; यानं तिच्याकडं पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही. बाकीचा कळप घेऊन हा पुन्हा तळ्यावर.

मग एकेक मेंढी बसली की उठेनाशी झाली. दोन महिन्यांत सात उरल्या. एका संध्याकाळी त्यांना हाकत तो परतला, तर पालाशेजारी एक गुबगुबीत मेंढी, लोकरीनं भरलेली!

"ही कुणाची? माझी मेंढी कुणी बदलली?" तो ओरडला.

मेंढी उठली आणि लंगडत लंगडत त्याच्यापाशी आली.

त्यानं तिची पापणी ओढली. आत लालबुंद होतं. तो तिच्या गळ्यात पडून रडला. मग उरलेल्या सात मेंढ्या घेऊन टेकडी चढला.

"आत्या, माझं चुकलं. औषध आसंल तर द्या."

तिनं दिलं. या खेपेला त्यानं ते चुलीत टाकलं नाही.

तात्पर्य: ज्याला त्याला चोर समजणाऱ्याला खरा चोर दिसत नाही, आणि मदत हाती आली तरी ती वाया जाते.