बंद दारामागचं पान

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या राजाच्या राज्यात घडली त्याचं नावसुद्धा आता कुणाला सांगता येत नाही.

त्या राज्यात सोंगवाट नावाचा एक खेळ होता. चार-पाच जणांनी गोल करून बसायचं. एकाने सांगणारा व्हायचं. बाकीच्यांनी सोंगं घ्यायची. कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी पळून आलेला शिपाई. सांगणारा म्हणायचा, "पुढे नदी आहे, नाव नाही. काय करता?" मग ज्याने त्याने आपल्या सोंगाला शोभेल ते सांगायचं आणि कवड्या टाकायच्या. उताण्या पडल्या तर जमलं, पालथ्या पडल्या तर फसलं. सगळ्या वाटा आणि सगळी संकटं एका पोथीत लिहिलेली असत. ती पोथी फक्त सांगणाऱ्याने वाचायची, इतरांनी डोकवायचंही नाही.

एका गावात टोपल्या विणणारी दोन भावंडं राहत. बहीण थोरली, भाऊ धाकटा. भाऊ विशीतला, डोक्याने तापट, अक्षराला अक्षर जोडून जेमतेम वाचणारा. बहीण खेळ सांगायची आणि भाऊ चोर व्हायचा. एका संध्याकाळी खेळात तिने त्याला डोंगराच्या पोटातल्या एका दारापाशी आणून सोडलं. दाराला कडी नव्हती, कुलूप नव्हतं, आणि आत कुणीतरी जात्यावर दळत होतं.

"आक्का, आत कोण आहे?"

"चोराला घाई फार. उद्या बघू."

"बाई आहे का बुवा, एवढं तरी सांग!"

"तू दार फोडायला आलास का सोयरीक जमवायला?"

सगळे हसले. पण तो 'उद्या' कधी उजाडलाच नाही. बहिणीला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

तिकडे रीत अशी होती, की सांगणारा गेला की त्याची पोथीही त्याच्यामागे नदीत सोडायची. रीत पडली तेव्हा पोथ्यांना तोटा नव्हता. खेळ रचणारा कारागीर जिवंत होता, मागेल त्याला नवी पोथी लिहून द्यायचा. भावाने रडत रडत पोथी पाण्यात सोडली. घरी आला, कामाला बसला. बाराव्या दिवशी टोपलीचं बूड विणताना त्याचा हात थांबला.

आत कोण दळत होतं?

तो तसाच उठला आणि शेजारच्या गावी गेला. तिथला लोहार म्हणाला, "दार? आम्ही तर डोंगराला वळसाच घातला." त्यापुढच्या गावातली कुंभारीण म्हणाली, "आम्ही गेलो होतो रे दारापर्यंत. पण आमचा वैद्य जात्याचा आवाज ऐकूनच पळाला, भित्रा मेला!" पोथ्या मात्र कुणाकडेच नव्हत्या. सांगणारे गेले, पोथ्या नदीत गेल्या, आणि रचणारा कारागीर मरून वीस वर्षं झाली होती. राज्यात एकच पोथी उरली होती. ती कारागिराच्या पुतण्याच्या घरी पेटीत होती.

पुतण्या तेलाचा व्यापारी होता. भावाने हात जोडून सांगितलं, "शेठ, एक नक्कल करून घेऊ द्या. नाहीतर एकच पान वाचू द्या."

"राजाचा नियम ठाऊक आहे ना? ज्याने रचलं त्याच्या किंवा त्याच्या वारसाच्या परवानगीशिवाय नक्कल नाही."

"मग तुम्ही नव्या पोथ्या करून विका. मी पहिली घेतो."

"मी कशाला करू? माझा धंदा तेलाचा."

"तुम्ही करणार नाही आणि दुसऱ्याला करू देणार नाही?"

"माझी वस्तू आहे. असू दे पडून, खायला मागत नाही."

भावाचं डोकं फिरलं. त्याने पेटीला लाथ घातली, शिव्या दिल्या. व्यापाऱ्याने गडी बोलावून त्याला हाकलून दिलं आणि पेटी उचलून ओलसर तळघरात ठेवली, वर दुसरं कुलूप घातलं.

भाऊ न्यायाधीशांकडे गेला. म्हातारे न्यायाधीश भले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "हा नियम का झाला, माहीत आहे तुला?"

"नाही."

"एका कारागिराच्या पोथ्या नक्कल करणाऱ्यांनीच विकल्या आणि तो उपाशी मेला. म्हणून झाला. नियम चांगला आहे. पण कारागीर नसला आणि वारस काहीच करत नसला तर काय, ते त्यात लिहिलेलं नाही."

"मग आज लिहा की!"

"घाईत लिहिलं तर उद्या जिवंत कारागिरांच्या पोथ्याही लोक लुटतील. मला विचार करू दे."

विचाराला चार महिने लागले. निकाल मात्र योग्य लागला. बारा वर्षं कुणी नवी प्रत केली नाही, तर राज्याच्या ग्रंथघराने ती पोथी उतरवून ठेवावी आणि मागेल त्याला प्रत द्यावी. रचणाऱ्याचं नाव पहिल्या पानावर राहावं. प्रती विकल्या तर वारसाला त्याचा वाटा मिळावा. व्यापारीसुद्धा खूश झाला. घरबसल्या वाटा मिळणार होता.

सगळे तळघरात गेले. दोन्ही कुलपं उघडली. पेटी उचलली तर तिचा तळ जमिनीलाच राहिला. वाळवी लागली होती. वरची चाळीस पानं हाती आली, खाली नुसती माती होती.

व्यापारी ती माती बोटांनी चाळत बसला. भावाने चाळिसावं पान उचललं आणि अक्षराला अक्षर जोडत वाचलं. शेवटच्या ओळीत दार होतं. आत कुणीतरी दळत होतं.

पेटी तळघरात का गेली, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

ग्रंथघराने चाळीस पानं उतरवली. पहिली प्रत भावाने स्वतः लिहिली, सहा महिने खपून. पोथी नदीत सोडायची रीत गावांनी बंद केली. भाऊ आता खेळ सांगू लागला. नवे चोर, नवे वैद्य खेळत खेळत दारापाशी आले की विचारत, "आत कोण आहे?"

"ठाऊक नाही. ते पान आपण घालवलं."

"मग मनानेच सांग ना काहीतरी!"

"त्याने काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही. आक्का काय सांगणार होती तेही नाही. खोटं कशाला सांगू? इथून मागे फिरा."

आणि राज्यातला प्रत्येक खेळ त्या दारापासून मागे फिरू लागला.

तात्पर्य: हक्क राखावा, पण हक्क राखता राखता वस्तूच मरू दिली, तर मालकाच्याही हाती मातीच येते.