माघारी धावणारे पाय

ऐका बाळांनो, आणि थोरांनीही कान द्या. फार जुन्या काळी एका डोंगराच्या उतारावर वरचे आणि खालचे अशी दोन गावे होती आणि मधे एकच हिरवे कुरण. त्या कुरणापायी पूर्वी डोकी फुटली होती. म्हणून वडीलधाऱ्यांनी ठरवले, की दरसाल दोन्ही गावांच्या पाच-पाच मुलामुलींनी चेंडू खेळावा. मैदानाच्या दोन टोकांना उंच बांबूवर वेताचे कडे बांधायचे आणि चेंडू समोरच्या गावाच्या कड्यातून टाकायचा. जे गाव जिंकेल, त्याची गुरे वर्षभर कुरणात चरतील.

वरच्या गावात भैरू नावाचा तरुण होता. त्याचा नेम असा, की चेंडू कड्याला शिवतही नसे. यंदा म्होरक्या आपणच, हे तो धरूनच चालला होता. पण खेळ शिकवणाऱ्या आंधळ्या वस्तादांनी विणकराच्या सगुणेचे नाव घेतले.

भैरूला ते झोंबले. तो म्हणाला, "वस्ताद, तुम्हाला दिसत असतं, तर माझंच नाव घेतलं असतं."

वस्ताद शांतपणे म्हणाले, "दिसत नाही, पण ऐकू येतं बाबा. नेम चुकला की तुझे पाय थांबतात. चेंडू हातचा गेला की सगुणेचे पाय माघारी धावतात."

भैरूने ते मनावर घेतले नाही.

सामन्याच्या दिवशी ऊन उतरत आले, तरी डाव बरोबरीतच होता. आता जो चेंडू टाकेल, त्याचे कुरण. चेंडू भैरूच्या हातात होता. सगुणा कड्याखाली मोकळी उभी राहून हाका मारत होती. भैरूने तिच्याकडे पाहिलेही नाही. त्याने स्वतःच फेकला. चेंडू कड्यावर आपटून बाहेर पडला आणि खालच्या गावची मुले तो घेऊन पळाली.

भैरू डोक्याला हात लावून जागीच उभा राहिला. सगुणा एकटी मागे धावली, तिघांना आडवी गेली, पडली, गुडघे फुटले. चेंडू तिच्या डोक्यावरून कड्यात गेला.

त्या वर्षी वरच्या गावाला चारा पुरला नाही. भैरूच्याच गोठ्यातली कपिला गाय उन्हाळ्यात खाली बसली, ती उठलीच नाही.

तिला पुरून तो सगुणेच्या दारी गेला. मान खाली घालून म्हणाला, "सगुणे, दोन शिव्या तरी दे."

"शिव्यांनी गुरांचं पोट भरतं होय रे?" सगुणेने कोपऱ्यातला चेंडू उचलला. "चल मैदानात."

वर्षभर भैरू रोज मुद्दाम चेंडू गमावायचा आणि लगेच मागे पळायचा. पाय भरून यायचे, तरी पळायचा.

पुढच्या सामन्यातही ऐन मोक्याला त्याचा नेम चुकला. पण चेंडू खाली येण्याआधीच तो वळला होता. आपल्या कड्याखाली सर्वांत आधी तोच पोहोचला, चेंडू अडवला आणि सगुणेकडे दिला. तिने तो समोरच्या कड्यात टाकला. त्या साली वरच्या गावाची गुरे पोटभर चरली. म्होरकेपण सगुणेकडेच राहिले. भैरूने ते पुन्हा कधी मागितले नाही.

तात्पर्य: नेम कुणाचाही चुकतो, चुकल्यावर रुसून उभा न राहता जो आपल्या माणसांसाठी धावतो, तोच खरा खेळाडू.