खड्याची सपाट बाजू

"मग पित्ताशय तसंच ठेवायचं, सर? आणि त्याला पडलेलं ते भोक?"

डॉ. वैदेही इनामकेनं हात धुता धुता विचारलं. शेजारच्या नळावर तिचे गुरू, शिकलगार सर, कोपरापर्यंत साबण चोळत होते. वय चौऱ्याहत्तर. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी सुरी सोडली होती, पण हात धुवायची सवय काही सुटली नव्हती.

"ते भोक आत्ता काही त्रास देतंय?"

"आत्ता नाही. पण..."

"मग त्याला कशाला छेडतेस? अडकलेला खडा काढ आणि बाहेर ये."

वैदेहीला पटलं नव्हतंच. पुण्याला दोन वर्षं राहून ती दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया शिकून आली होती, आणि खरं सांगायचं तर तिचा हात होताही देखणा. पोटाला बोटाएवढी तीन भोकं पाडून एवढं काम करणारं त्या तालुक्यात दुसरं कुणी नव्हतं. हे तिला ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

टेबलावर तानूबाई होती. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं भाकऱ्या थापलेली, आता अठ्ठ्याहत्तरीची. शिकलगार सर तिच्याच हातचं खाऊन म्हातारे झाले होते. वैदेही शिकाऊ असताना जेवायला विसरली, की तानूबाई वॉर्डात येऊन तिच्या तोंडात घास कोंबायची.

पित्ताशयातला मोठा खडा भिंत झिजवून आतड्यात उतरला होता, आणि जिथं लहान आतडं संपतं तिथं बुचासारखा बसला होता. चार दिवस पोट फुगलेलं, पाण्याचा घोट ठरत नव्हता. त्यात हृदय अधू. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, दीड तास, त्यापुढे माझा भरवसा धरू नका. आणि पुन्हा दुसऱ्यांदा भूल द्यायची वेळ आली, तर म्हातारी टेबलावरून उठणार नाही.

आत नेताना तानूबाई सरांना म्हणाली होती, "डाक्टर, पोरीला करू द्या. मधी मधी बोलू नगा."

म्हणून सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, आणि खरंच बोलले नाहीत.

वैदेहीचे हात त्या सकाळी सुरेख चालले. पडद्यावर फुगलेलं आतडं, त्याच्या खाली रिकामं आतडं आणि मधोमध अडकलेला खडा. तिनं बेंबीजवळचं भोक दोन बोटं रुंद केलं, आतड्याचा तेवढाच भाग बाहेर घेतला, चिरला, खडा काढला, टाके घातले, आतडं परत आत सोडलं. घड्याळात पन्नास मिनिटं झाली होती.

लिंबाएवढा खडा टणकन ताटलीत पडला.

"झालं, सर," वैदेही म्हणाली. मास्कच्या आत ती हसत होती. "शिवायला घेते."

सर उठून ताटलीपाशी आले. हातमोज्यातल्या अंगठ्यानं त्यांनी खडा सगळीकडून चाचपला, परत ठेवला आणि त्याला टिचकी मारली.

खडा घरंगळला नाही. जरासा सरकला आणि बसला.

"एकच होता, सर," वैदेही म्हणाली. "स्कॅनमध्ये..."

"स्कॅनला एकच दिसला."

सरांनी पुन्हा टिचकी मारली. खडा पुन्हा तसाच बसला. त्याची एक बाजू पाट्यावर घासल्यासारखी सपाट होती...

एकटा वाढलेला खडा सगळीकडून गोल असतो. हा वर्षानुवर्षं कुणाला तरी टेकून वाढला होता.

तिनं सुई खाली ठेवली आणि दुर्बीण पुन्हा आत घातली. दोन चिमट्यांनी धरून ती आतडं खालून वर वीत वीत तपासत गेली. चार फूट. काही नाही. सहा फूट. काही नाही. सत्तर मिनिटं झाली, टेबलाच्या डोक्याकडून भूल देणाऱ्या डॉक्टरांचा आवाज आला. तिच्या कपाळावरचा घाम सिस्टरनं टिपला.

मग वरच्या बाजूला, आतड्याच्या एका घडीत, चिमट्याला कडक काहीतरी लागलं.

दुसरा खडा बेंबीजवळच्या त्याच भोकातून बाहेर आला तेव्हा ब्याऐंशी मिनिटं झाली होती. तो थोडा लहान होता. त्यालाही एक बाजू सपाट होती.

तिसऱ्या दिवशी तानूबाईचं पोट मोकळं झालं, आणि त्याची वर्दी साऱ्या वॉर्डाला ऐकू गेली. दुपारी तिनं पेज मागितली, आणि ती पातळ झाली म्हणून स्वयंपाकघराच्या सात पिढ्या काढल्या.

वैदेही बाहेर व्हरांड्यात सरांच्या शेजारी येऊन बसली. तीन दिवस तिला घास गोड लागला नव्हता.

"मी शिवून टाकलं असतं, सर," ती म्हणाली. "आठवड्यात पुन्हा अडकलं असतं. तानूबाई गेली असती, माझ्या हातून."

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी तो बराच वेळ काढला नाही.

"ती टिचकी तुम्हाला कुणी शिकवली?"

"रघुनाथ भिसे."

वैदेहीनं आठवून पाहिलं. मोठमोठ्या सर्जनांची नावं तिला तोंडपाठ होती, त्यात हे नव्हतं.

"कुठल्या कॉलेजात होते?"

"कॉलेजात नव्हते. गवंडी होते. इथंच, सहा नंबरच्या खाटेवर."

"भेटता येईल त्यांना?"

"त्यांचा खडा मी एकाच बाजूनं बघितला होता, पोरी."